हेड्रियनच्या भिंतीवरचे टेहळणी मनोरे: जागा पाहून बांधले की अंतर मोजून?

टाइनकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेली अकरा वर्षे मी न्यूकॅसलला राहतो. रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर इंग्लंडात बांधलेल्या भिंतीचे पूर्वेकडचे टोक, म्हणजे वॉल्सएंड, माझ्या घरापासून मेट्रोने काही मिनिटांवर आहे. तरीही भिंत नीट अशी पाहिली ती यंदाच. मुंबईत जन्म काढूनही घारापुरीची लेणी न पाहिलेले लोक असतात, त्यातलाच प्रकार.

गेल्या शनिवारी मुलीला घेऊन कंब्रियातल्या बँक्स या गावाजवळ गेलो होतो. तिथे रस्त्याच्या अगदी कडेला एका रोमन टेहळणी मनोऱ्याचे अवशेष आहेत आणि त्याचा क्रमांक आहे ५२अ. बाहेरून सुमारे सहा मीटर आणि आतून चार मीटर अशी एक चौरस खोली. उत्तरेची बाजू मुख्य भिंतीत सामावलेली, दार दक्षिणेला. त्याच मनोऱ्याच्या वरच्या भागाचा एक भलामोठा तुकडा शेजारी पडलेला आहे आणि त्याचे दगड अजूनही एकमेकांना घट्ट धरून आहेत. मुलगी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती.

घरी येऊन वाचायला बसलो आणि एका गोष्टीने चक्रावलो. भिंत ८० रोमन मैल लांब, म्हणजे साधारण ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, जिला इंग्रजीत माइलकॅसल म्हणतात. आपण मैलचौकी म्हणू. दोन मैलचौक्यांच्या मध्ये समान अंतरावर दोन मनोरे, चौकीच्या क्रमांकाला 'अ' आणि 'ब' जोडून ओळखले जाणारे. रोमन मैल सुमारे १४८० मीटरचा, तेव्हा दर ४९५ मीटरांच्या आसपास एक मनोरा किंवा चौकी येते. डोंगर असो, खळगा असो, हा क्रम फारसा मोडत नाही.

टेहळणीचा मनोरा जिथून जास्तीत जास्त दिसते तिथे बांधायचा असतो, अशी माझी समजूत होती. इथे मात्र दोरी जिथे संपली तिथे मनोरा उभा केलेला दिसतो. मग ही माणसे नेमकी कशावर नजर ठेवत होती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाटा

उत्तम विषय. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला ही पद्धत खरोखरच विचित्र वाटेल. आपल्याकडे गडाच्या घेऱ्यातली मेटे पाहा. वाट जिथे अरुंद होते, जिथून चढून येणारा माणूस चुकूच शकत नाही, तिथेच मेट असते. दोन मेटांमधले अंतर किती, हा प्रश्न कुणी विचारलाही नसेल. डोंगर सांगेल तिथे पहारा बसवायचा, ही आपली रीत.

तिरकस

यात न कळण्यासारखे काय आहे? साहेबाने रोममध्ये नकाशावर पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि खाली 'अंदाजपत्रकाप्रमाणे' असा शेरा मारला. जागेवर दरी निघाली तर तो दरीचा दोष.

चौकस

तिरकस यांचा विनोद सत्यापासून फार दूर नाही. फरक एवढाच, की साहेब स्वतः जागेवर आला होता. हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि भिंतीचे काम त्याच सुमारास सुरू झाले. ३८व्या मैलचौकीच्या शिलालेखावर सम्राटाबरोबर प्रांताधिकारी ऑलस प्लाटोरियस नेपोस याचे नाव आहे. बांधकाम दुसऱ्या, सहाव्या आणि विसाव्या अशा तीन लीजनांनी (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणींनी) आपसात तुकडे वाटून घेऊन केले.

आता मूळ प्रश्न. भिंत बांधताना मनोरे आणि मैलचौक्या बऱ्याच ठिकाणी आधी उभ्या राहिल्या, आणि त्यांना जोडणारी भिंत नंतर आली. याचा पुरावा डोळ्यांनी पाहता येतो. सुरुवातीचा बेत भिंत दहा रोमन फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर, जाड करण्याचा होता. त्या हिशोबाने मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाड भिंतीचे छोटे पंख काढून ठेवले गेले. पुढे जाडी कमी करण्याचा निर्णय झाला आणि मागून आलेली सडपातळ भिंत त्या रुंद पंखाला येऊन टेकली. चेस्टर्स या रोमन ठाण्याजवळच्या ब्रंटन येथील २६ब या मनोऱ्यावर एका बाजूला जाड भिंत आणि दुसऱ्या बाजूला बारीक भिंत मिळालेली दिसते. हा मनोरा अजूनही सुमारे अडीच मीटर उंच उभा आहे. टाइनकाठी, तुमच्या घरापासून तो बँक्सपेक्षा जवळ आहे, तेव्हा आधी तिथे जायला हवे होते.

ठरलेल्या अंतराचा हट्ट किती होता याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कॉफील्ड्स येथील ४२वी मैलचौकी. ती तीव्र उतारावर तिरकी बसवलेली आहे, आणि अगदी थोड्या अंतरावर पश्चिमेला चांगली सपाट जागा आहे. तिथे उभे राहिल्यावर, बांधणाऱ्या सैनिकांनी त्या दिवशी काय काय उद्गार काढले असतील याची कल्पना करण्यातच वेळ जातो.

ओवी

एक शब्दाचा मुद्दा, कारण तो पुढे अर्थाचाही होतो. वर्तमानपत्री मराठीत अशा रचनेला सरसकट 'बुरुज' म्हटले जाते. धागाकर्त्यांनी 'मनोरा' हा शब्द वापरला हे योग्य झाले. बुरुज तटाच्या बाहेर डोकावतो. त्याचा उपयोगच असा, की तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता यावा. हेड्रियनच्या भिंतीवरचे हे मनोरे उत्तरेकडे भिंतीच्या पुढे येत नाहीत. त्यांची उत्तरेची बाजू भिंतीशी सपाट आहे, आणि जो भाग बाहेर येतो तो दक्षिणेला, म्हणजे रोमन प्रदेशाच्या बाजूला. ज्याला भिंतीवरून लढाई करायची आहे तो मनोरा असा बांधणार नाही.

निवृत्त सुभेदार

ओवीताईंच्या मुद्द्याशी सहमत. मी सैन्यात असताना काही वर्षे सीमेवर काढली आहेत. कुठे, ते सांगत नाही. तिथल्या अनुभवावरून दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की ४९५ मीटर हा आकडा वेडगळ नाही. दोन मनोऱ्यांमध्ये एवढे अंतर असेल तर भिंतीवरची कुठलीही जागा जवळच्या पहारेकऱ्यापासून अडीचशे मीटरांच्या आतच राहते. तेवढ्या अंतरावर हलणारा माणूस साध्या डोळ्यांनी दिसतो, आरोळी ऐकू येते आणि रात्री हलवलेली मशाल ओळखता येते. डोंगरमाथ्यावरच मनोरे बांधले तर दूरचा मुलूख सुंदर दिसेल, पण पायथ्याच्या घळीतून गुरे हाकत नेणारे चार जण दिसणार नाहीत. मोठे सैन्य आले तर त्याची धूळच सांगते. अडचण चार माणसांची असते.

दुसरी गोष्ट पुस्तकात सापडत नाही. पहारेकऱ्यावरही पहारा लागतो. नाकी सारख्या अंतरावर असली, की गस्त घालणारा अधिकारी किती वेळात कुठे पोचला पाहिजे हे ठरलेले राहते, आणि कोण झोपला होता ते लपत नाही.

तिरकस

सुभेदारसाहेब, म्हणजे मनोरे उत्तरेच्या रानटी लोकांसाठी नव्हते, दक्षिणेच्या झोपाळू शिपायांसाठी होते?

निवृत्त सुभेदार

दोघांसाठी. तुम्ही कधी हिवाळ्यात पहाटे तीनचा पहारा दिलेला नाही, असे दिसते.

ऱ्हाइनपार

मी फ्रँकफर्टजवळ राहतो. आमच्याकडची रोमन सरहद्द, जिला लिमेस म्हणतात, सुमारे ५५० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर जवळपास ९०० मनोरे होते. तिरकस यांच्या पट्टीचा कळस पाहायचा असेल तर वाल्डुर्नपासून दक्षिणेकडे या. तिथे ही सरहद्द जवळजवळ ८० किलोमीटर नाकासमोर सरळ जाते. मध्ये टेकड्या येतात, नाले येतात, दऱ्या येतात, पण रेघ वाकत नाही.

दोन फरक मात्र नोंदवतो. इथल्या मनोऱ्यांना तळमजल्यावर दार नसे. शिडीने वरच्या मजल्यावर चढायचे आणि शिडी ओढून घ्यायची. तुमच्याकडे दार खालीच आहे, कारण शत्रूची बाजू भिंतीने आधीच बंद केलेली आहे. दुसरे असे, की आधी इथले मनोरे लाकडी होते आणि दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ते दगडाचे झाले. डॅन्यूबच्या बाजूच्या भागात पुढे दगडी भिंतही आली. तिला स्थानिक लोक 'सैतानाची भिंत' म्हणतात. बांधणारा विसरला गेला की आपल्याकडे पांडव येतात, यांच्याकडे सैतान.

चौकस

सुभेदारांच्या पहिल्या मुद्द्याला मी अर्धी मान्यता देतो. अर्धीच, कारण रोमनांना स्वतःलाच हा नियम सगळीकडे पुरला नाही.

सिकॅमोर गॅप हे नाव २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथला प्रसिद्ध वृक्ष रातोरात कापला गेला तेव्हा सर्वांच्या कानावर गेले असेल. त्याच परिसरात पील गॅप नावाची दुसरी खिंड आहे. दोन क्रमांकित मनोऱ्यांच्या मधल्या या खिंडीत १९८० च्या दशकातल्या उत्खननात एक मनोरा निघाला, जो कुठल्याही क्रमात बसत नाही. ३९अ आणि ३९ब यांच्या मध्ये हा जास्तीचा. ठरल्या अंतराने बांधलेले दोन्ही मनोरे उंचावर होते आणि त्यांच्या मधली खिंड नजरेतून सुटत होती, म्हणून मागाहून हा बांधावा लागला, असे मानले जाते. नियम करणारा एक असतो आणि नियमातली भोके बुजवणारा दुसरा.

याच्या उलटही उदाहरण आहे, आणि ते टाइनकाठींच्या ५२अ पासून चालत काही मिनिटांवर आहे. पाइक हिल येथील मनोरा भिंतीच्या आधीचा. तो भिंतीशी ४५ अंशांच्या कोनात, तिरका उभा आहे, कारण तो बांधला तेव्हा भिंत नव्हतीच. बांधणाऱ्याला चारी दिशांना दूरवर पाहायचे होते आणि दक्षिणेकडच्या स्टेनगेट या जुन्या लष्करी रस्त्यावरच्या ठाण्यांना इशारा द्यायचा होता. नंतर आलेल्या भिंतीने त्याला आपल्यात सामावून घेतले. म्हणजे 'जागा पाहून' बांधलेला मनोरा आणि 'अंतर मोजून' बांधलेला मनोरा तिथे जवळजवळ शेजारी आहेत. धाग्याच्या शीर्षकाचे उत्तर त्या एका रस्त्यावर पायी फिरून मिळते.

टाइनकाठी (धागाकर्ता)

अरे देवा. पाइक हिलच्या अवशेषाजवळ आम्ही गाडी लावून पोळीभाजी खाल्ली. एवढासा कोपरा उरला आहे, म्हणून विशेष लक्ष दिले नाही. तो तिरका आहे हे मुलीने म्हटलेही होते, आणि मी तिला 'पडझड झाली असेल' असे उत्तर दिले. आता तिची माफी मागणे आले.

दगडफोड्या

मी स्थापत्य अभियंता, राहणार रत्नागिरी. मला पहाऱ्यापेक्षा छपराची चिंता आहे. या मनोऱ्यांची चित्रे पाहिली तर निम्म्या चित्रांत वर सपाट गच्ची आणि कंगोरे असतात, आणि निम्म्या चित्रांत उतरते छप्पर. नक्की काय होते?

माझे मत उतरत्या छपराच्या बाजूने आहे. ज्याने कोकणात सपाट स्लॅबखाली चार पावसाळे काढले आहेत त्याला यासाठी पुरावा लागत नाही. दर वर्षी डांबर, दर वर्षी ताडपत्री, आणि तरी पलंग सरकवून बादली ठेवायची वेळ येतेच. उत्तर इंग्लंडात तर पाऊस आणि त्यावर गोठणारे पाणी. चुन्याच्या गच्चीच्या सांध्यात पाणी शिरून गोठले की ती फुटलीच म्हणून समजा.

चौकस

पुरावा दोन्ही बाजूंना थोडा थोडा आहे. रोममधला ट्राजनचा स्तंभ इ.स. ११३ चा, म्हणजे भिंतीच्या जेमतेम नऊ वर्षे आधीचा. त्यावर डॅन्यूब नदीकाठचे टेहळणी मनोरे कोरलेले आहेत: उतरते छप्पर, वरच्या मजल्याला बाहेरून कठड्याचा सज्जा, त्यातून पुढे आलेली मशाल, सभोवती कुंपण आणि जवळ लाकडांच्या राशी व गवताच्या गंजी. दगडफोड्यांच्या बाजूने हा साक्षीदार भक्कम.

दुसऱ्या बाजूला रज कप हे काशाचे छोटे भांडे आहे. ते १७२५ मध्ये विल्टशरमध्ये सापडले. त्याच्या काठावर भिंतीच्या पश्चिमेकडच्या ठाण्यांची नावे आणि खाली कंगोरे असलेली एक रचना आहे. ती या भिंतीचे आणि मनोऱ्यांचे चित्र आहे असे मानले, तर कंगोऱ्यांचा पक्ष जिंकतो. मला स्वतःला कारागिराने पेल्यावर शोभेसाठी काढलेल्या नक्षीवरून छपराचा निर्णय करणे धाडसाचे वाटते. भिंतीच्या माथ्यावरून चालण्याची वाट होती की नाही, हाही वाद याच जातीचा आहे. माथा कुठेच शिल्लक नाही. आठव्या शतकात बीड या मठवासी इतिहासकाराने भिंत आठ फूट रुंद आणि बारा फूट उंच असल्याचे लिहिले आहे, पण तेव्हा तिला सहाशे वर्षे होऊन गेली होती.

माई

इतक्या विद्वान चर्चेत मी स्वयंपाकघरातून डोकावते आहे, तेव्हा सांभाळून घ्या. भिंतीच्या जवळच विंडोलांडा नावाचे ठाणे आहे. तिथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे आणि हिशोब सापडत आहेत. बरीचशी भिंतीच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांतली आहेत, पण माणसे त्याच जातीची, त्याच थंडीत कुडकुडणारी. कुणाला मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची यादी आहे. एका अधिकाऱ्याने आपल्या माणसांना प्यायला बिअर उरलेली नाही, ती पाठवावी, असे लिहिले आहे. एका हिशोबात गॅम्बॅक्स नावाच्या शिपायासमोर मिरीचे दोन दिनार मांडलेले आहेत. त्या काळी मिरी रोमनांकडे जायची ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. मुझिरिसच्या बंदरात जहाजात चढलेले दाणे तिथे पोचेपर्यंत किती हातांतून गेले असतील!

आणि सुभेदारांसाठी खास: एका पट्टीवर तुंग्रियन पलटणीची हजेरी आहे. पटावर ७५२ माणसे, त्यांपैकी ४५६ बाहेरगावी कामावर. उरलेल्या २९६ मध्ये १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले.

निवृत्त सुभेदार

माई, ही पट्टी माझ्या कार्यालयात टांगायला हवी होती. कागदावर ७५२ आणि प्रत्यक्ष उभे राहू शकणारे २६५! दोन हजार वर्षांत हजेरीपट फारसा बदललेला नाही.

तिरकस

आणि टेहळणीच्या पलटणीत नेमके डोळेच आलेले.

बखरवाला

आतापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरले आहे, की मनोरे शत्रूसाठी होते. मला हे गृहीतकच मान्य नाही. दर मैलाला चौकी आणि चौकीला सामान्यतः दोन दारे, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. ज्याला कुणालाच आत येऊ द्यायचे नाही तो ८० मैलांत जवळपास ८० दरवाजे कशाला ठेवेल? हा जकात नाका आहे. ये-जा चालू ठेवायची, पण ती आपल्या नजरेसमोरून आणि आपल्या दारातून. मनोऱ्यावरच्या माणसाचे काम एवढेच, की दार सोडून कुणी भिंतीवरून उडी मारत नाही ना, हे पाहायचे.

आपल्याच देशात असे घडले आहे. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची सरहद्द आखली होती. १८६९ च्या सुमारास ती सुमारे २३०० मैल लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. खांडवा, बऱ्हाणपूरचा भाग, म्हणजे आपल्या खानदेशाची वेस, तिच्या वाटेवर येत असे. बऱ्याच अंतरावर ही सरहद्द म्हणजे चक्क बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे माणसाहून उंच कुंपण होते. ते वाढवण्यात पुढाकार घेणारा जकात आयुक्त म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्याने पुढे काँग्रेसच्या स्थापनेत मोठा वाटा उचलला. १८७९ मध्ये ही व्यवस्था मोडीत निघाली. त्या कुंपणावर कुणी स्वारी करेल अशी भीती नव्हती. तिथल्या शिपायाने आयुष्यभर पाहिली ती मिठाची पोती.

ओवी

बखरवाला, कुंपणाची तुलना मला फार आवडली, पण ती पूर्ण लागू होत नाही असे वाटते. हेड्रियनच्या भिंतीसमोर उत्तरेला खंदक आहे. त्याखेरीज टाइनच्या परिसरात भिंत आणि खंदक यांच्या मधल्या पट्टीत अणकुचीदार फांद्या रोवण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या रांगा सापडल्या आहेत. मीठ नेणाऱ्या माणसासाठी कुणी एवढी तयारी करत नाही. दारे ये-जा करण्यासाठी होती हे खरे. दाराबाहेरच्या माणसाची धास्ती होती, हेही तितकेच खरे.

चौकस

ओवी यांच्याशी सहमत. आणखी एक पाहा. बांधकाम चालू असतानाच बेत बदलला आणि मोठी ठाणी मागच्या स्टेनगेटवरून थेट भिंतीवर आणली गेली. हाउसस्टेड्सच्या ठाण्याच्या आत ३६ब या मनोऱ्याचा पाया आजही दिसतो, कारण आधी बांधलेला मनोरा पाडून त्यावर ठाणे उभे केले. चेस्टर्सला २७अ चे तेच झाले. काल बांधलेला मनोरा आज पाडायला लावणारा निर्णय सहजासहजी होत नाही. मनोऱ्यांवरून दिसत होते, पण दिसल्यावर धावून जाणारे सैन्य दोन-तीन किलोमीटर मागे होते, ही अडचण लक्षात आली असावी. मनोरा म्हणजे केवळ डोळा, हात दुसरीकडे.

तिरकस

बांधा, पाडा, पुन्हा बांधा. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

ऱ्हाइनपार

तिरकस यांना पुढची गोष्टही आवडेल. भिंत बांधून वीस वर्षे होत नाहीत तोच पुढच्या सम्राटाने, अँटोनायनस पायसने, इ.स. १४२ च्या सुमारास स्कॉटलंडात मातीच्या ढेपांची दुसरी भिंत घातली आणि सरहद्द तिथे नेली. १६० च्या दशकात ती सोडून सैन्य परत हेड्रियनच्या भिंतीवर आले. त्यानंतर, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, बरेच मनोरे कायमचे बंद झाले. विशेषतः मधल्या कड्यांच्या भागात ते पाडून, भिंतीतला त्यांचा कोनाडा दगडांनी बुजवून वरून भिंत सलग नेलेली दिसते. एवढ्या कसोशीने अंतर मोजून उभारलेल्या मनोऱ्यांपैकी कित्येकांचे आयुष्य शंभर वर्षांचेही नाही.

रानवाटा

मी वर सह्याद्रीची तुलना घाईने केली, हे मान्य करतो. गड राखणे आणि ११७ किलोमीटरची रेघ राखणे ही वेगळी कामे आहेत. रेघेवर प्रत्येक ठिकाण सारखेच महत्त्वाचे असते, कारण घुसणारा कुठेही घुसू शकतो.

एक प्रश्न: १६० च्या आसपास मनोरे होते, तर पाहण्यासारखे इतके थोडेच कसे उरले?

चौकस

दगड आयता आणि घडवलेला मिळाल्यावर तो कोण सोडणार? टाइनकाठी ज्या गावी गेले होते तिथून जवळच लॅनरकॉस्टचा मध्ययुगीन मठ आहे. त्याला भिंतीचा दगड लागलेला आहे. मोठा घाला पडला तो १७५० च्या दशकात. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) बंडात सरकारी सैन्याच्या जनरल वेडला न्यूकॅसलहून कार्लाइलला तोफा नेता आल्या नाहीत, म्हणून नंतर लष्करी रस्ता बांधला गेला, आणि कित्येक मैल तो सरळ भिंतीच्या पायावरूनच नेला. सैन्याने बांधलेले सैन्यानेच फोडले. मनोऱ्यांपैकी जे रस्त्याखाली गेले ते गेले.

१८०१ मध्ये विल्यम हटन नावाचे ७८ वर्षांचे गृहस्थ बर्मिंगहॅमहून पायी येऊन भिंतीच्या कडेने चालत गेले. प्लेनट्रीज येथे जमीनमालक घर बांधण्यासाठी भिंत उपटत होता. सव्वादोनशे यार्डांपैकी पंचाण्णव यार्ड गेलीही होती. हटन यांनी निरोप पाठवून विनवणी केली आणि उरलेला तुकडा वाचला. योगायोग असा, की जाड भिंत बारीक होते तो सांधा त्याच तुकड्यात आहे. पुढे न्यूकॅसलचे जॉन क्लेटन यांनी भिंतीलगतची शेतेच विकत घेऊन पुष्कळ भाग राखला.

माई

७८ व्या वर्षी! आमच्याकडे ७८ व्या वर्षी माणूस लिफ्ट बंद आहे म्हणून सोसायटीला पत्र लिहितो.

दगडफोड्या

ते पत्र मीच लिहिले होते, फक्त वय ६१.

टाइनकाठी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी आम्ही पुन्हा गेलो. (एडी १२२ नावाची एक बस भिंतीच्या कडेने धावते, बसचा क्रमांक बांधकामाच्या सालावरून ठेवणारा माणूस मला भेटायला आवडेल. आम्ही मात्र गाडीनेच गेलो.)

बर्डोस्वाल्ड या रोमन ठाण्याच्या पश्चिमेला ५१अ आणि ५१ब हे दोन मनोरे त्याच रस्त्याच्या कडेला आहेत, आणि त्यांच्या मध्ये मैलचौकी येत नाही. मी एकापासून दुसऱ्यापर्यंत पावले मोजली. ती ७१२ भरली. माझे पाऊल सत्तर सेंटिमीटरचे धरले तर ४९८ मीटर होतात. चढ-उतार, चिखल आणि माझे गुडघे लक्षात घेता रोमनांचा हिशोब मी मान्य केला आहे.

मग सुभेदारसाहेबांची परीक्षा घ्यायचे ठरले. मुलगी आणि तिची आई लाल छत्री घेऊन ५१ब पाशी थांबल्या आणि मी ५१अ च्या खोलीत उभा राहिलो. ठरले असे, की बरोबर अकरा वाजता तिने छत्री तीन वेळा हलवायची. पावणेअकरापर्यंत ऊन होते. अकराला पाच मिनिटे कमी असताना उत्तरेकडून धुके उतरले आणि रस्त्याचे कुंपणसुद्धा दिसेना. छत्री हलली असेल तर ती तिलाच ठाऊक. मात्र तिच्या गळ्यात शाळेतली शिट्टी होती. ती तिने फुंकली, आणि अर्ध्या किलोमीटरवरून मला स्वच्छ ऐकू आली. तेव्हा पाइक हिलवरचा दूरदर्शी पहारेकरी काल दिवसभर आंधळा असता, पण ५१अ वाल्याला शेजारचा जागा आहे एवढे तरी नक्कीच कळले असते.

परत येताना तिला विचारले, इथे रात्रभर पहारा देशील का? तिने प्रतिप्रश्न केला, 'जेवण कोण आणून देणार?' याचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून इथे विचारतो.

निवृत्त सुभेदार

मुलीला माझा सलाम सांगा. पहिला प्रश्न शिधापाण्याचा विचारणारा शिपाई टिकतो.

चौकस

जेवण आणून द्यायची गरज नव्हती. उत्खननात मनोऱ्यांच्या तळमजल्यावर चुली, स्वयंपाकाच्या मडक्यांचे तुकडे आणि दळायची जाती सापडली आहेत. माणसे पाळीने तिथेच राहत, तिथेच दळत आणि तिथेच शिजवत. काही ठिकाणी दगडावर कोरलेले सोंगट्यांचे पटही मिळाले आहेत, म्हणजे धुक्याच्या दिवशी काय करायचे तोही प्रश्न सुटला.

माई

तिला सांगा, मिरी मात्र स्वतःच्या पैशांनी आणावी लागेल. दोन दिनार.